निळ्या चिंधीतल्या फोडी

माझा कुणावर विश्वास नाही. आमच्या बेटावरच्या रोझो गावात, रविवारच्या बाजारात मला ‘संशयी झाबेत’ म्हणतात, म्हणोत बापडे! स्पेनचा चांदीचा डॉलर बेटावर येतो अख्खा, पण सुट्टे कुठून आणायचे? म्हणून छिन्नीनं त्याच्या चार फोडी करतात. चोर मात्र पाच पाडतात आणि पाचवी खिशात घालतात. माझ्या भोपळ्याच्या वाडग्यात तळाशी मी तापल्या खिळ्यानं डॉलरएवढं वर्तुळ डागून घेतलंय, त्यात चार घरं. गिऱ्हाइकाची फोड घरात नीट बसली, तरच माझ्या टोपलीतली अळकुडी नि अंडी हलतात. शिवाय ज्याच्या त्याच्या फोडी वेगळ्या चिंधीत. पाद्र्याच्या स्वयंपाकिणीच्या तांबड्या चिंधीत, शिपायांच्या गोणपाटात.

आठ वर्षं अशी साठवण केली ती फ्लोरीनसाठी. फ्लोरीन माझी लेक, मादाम लाव्हिनच्या घरी शिवणकाम करते. आम्ही दोघीही मादामच्याच मालकीच्या गुलाम; फक्त रविवारी स्वतःचं काही विकायची मुभा. लेकीला सोडवायला मादामनी दोनशे फोडी सांगितल्या होत्या. आणि मग एका रविवारी अचानक म्हणाल्या, "शनिवारच्या जहाजानं तिला त्रिनिदादला धाडतेय, माझ्या मुलाच्या मळ्यावर."

माझ्या दोनशे भरल्या होत्या. सोमवारी सकाळीच सगळ्या चिंध्या घेऊन मी त्यांच्या ओसरीवर गेले.

मादामनी टेबलावर अख्खा डॉलर ठेवला आणि त्याच्यावर चार-चार फोडी मांडून पाहू लागल्या. तांबडी चिंधी बरोबर. गोणपाट बरोबर. शेवटी निळी चिंधी सोडली. त्यातल्या चार मांडल्या, तर बोटभर फट. दुसऱ्या चार, पुन्हा फट. चाळीसच्या चाळीस तशाच.

"झाबेत, कुठल्या चोरानं दिल्या गं या? इतकी हुशार म्हणवतेस आणि फसलीस! चाळीस चांगल्या आण, नाहीतर मुलगी जाते."

निळ्या चिंधीतल्या फोडी मादामच्याच होत्या, त्यांनी अंड्यांचे पैसे म्हणून दिलेल्या. तेवढ्याच मी कधी वाडग्यात घातल्या नव्हत्या. मालकिणीचं नाणं तिच्यासमोर तपासायचं म्हणजे पाठ सोलून घ्यायची! आणि घरी येऊन तपासून तरी काय करणार होते? न कळलेलंच बरं, असं वाटायचं मला.

तरी माझा संशय धावला तो आंब्रोआजवर. तो सोनार, आमच्यातलाच पण स्वतंत्र, अर्ध्या गावाचे डॉलर तोच कापतो. तळपायाची आग मस्तकात गेली. थेट त्याच्या दुकानात शिरले.

"मेल्या, मादामच्या डॉलरच्या पाच पाडल्यास ना? माझी पोर चाललीय तुझ्या पाचव्या फोडीपायी!"

त्यानं हातोडी खाली ठेवली. "ओरडू नकोस, बाई. आठ-दहा वर्षांत मादामचा एकही डॉलर माझ्याकडे आला नाही. त्यांच्या कारभाऱ्यानं माझ्याकडून छिन्नीच विकत नेली. घरीच कापतात."

"खोटं!"

"मग तुझ्या वाडग्यालाच विचार. माझ्या फोडी बसतात का नाही घरात?"

बसत होत्या. इतकी वर्षं मी या माणसाकडे चोर म्हणून पाहिलं, आणि ज्यांच्याकडे नीट पाहायला हवं होतं तिथे मान खाली घातली. स्वतःचीच चीड आली मला.

तोच पुढे म्हणाला, "दवंडी ऐकलीस ना? गुरुवारपासून सरकारी खजिन्यात प्रत्येक फोडीवर शिक्का मारणार. कमी भरली, तर कुणी दिली ते विचारणार."

बुधवारी मी पुन्हा ओसरीवर गेले. निळी चिंधी टेबलावर ठेवली आणि हात जोडले.

"मादाम, उद्या या चाळीस फोडी खजिन्यात नेते. साहेब विचारतील, कुणी दिल्या."

मादाम हसल्या. "गुलामाची साक्ष गोऱ्या माणसाविरुद्ध कोण ऐकतो?"

"माझी कोण ऐकणार, मादाम! पण चिंधी आपल्या जुन्या पडद्याची आहे. खजिन्याचे साहेब याच पडद्यासमोर बसून दर रविवारी जेवायचे. त्यांचे डोळे तर गोरे आहेत ना?"

मादामचं हसू मावळलं. मग त्यांनी फोडी टेबलाच्या खणात सारल्या, चाळीसच्या चाळीस, आणि कागद मागवला.

कागदावर तरी माझा कुठे विश्वास! आंब्रोआजकडून तीनदा वाचून घेतला. तो म्हणाला, "आता वाडग्यात घालून बघ!" मग पाद्र्याकडून वाचून घेतला. दोघांनीही एकच वाचलं: फ्लोरीन, झाबेतची मुलगी, आजपासून कुणाच्या मालकीची नाही. तेव्हा कुठे मी रस्त्यात बसून रडले.

शनिवारी जहाज तिच्याविना गेलं. मी अजून मादामचीच आहे.

रविवारी फ्लोरीन माझ्या शेजारी बाजारात बसली. मादाम आल्या, डझनभर अंडी आपल्या टोपलीत ठेवून घेतली, एक फोड पुढे टाकली आणि वळल्या. सवयीनं माझा हात निळ्या चिंधीकडे गेला.

फ्लोरीननं माझं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं वाडगा पुढे ओढला.

"जरा थांबा, मादाम," ती म्हणाली. आणि सगळ्या बाजारादेखत ती फोड घरात ठेवून पाहिली.