पाच जणांचा पंखा

सायमा तलावाच्या आमच्या धक्क्यावर बोटींच्या इंजिनांना पाण्याखाली फिरणारे पंखे बसवून देणारी मी एकटीच. तीस वर्षं लोकांना एकच गोष्ट सांगून माझा घसा कोरडा पडलाय: पंखा नुसतं इंजिन बघून घेऊ नका, बोटीत कोण कोण बसणार ते बघून घ्या. कोणी ऐकत नाही. उर्पोला मात्र सांगावं लागलं नाही. मे महिन्यात, बर्फ वितळून आठवडा झाला असेल नसेल, तो बोटीत वाळूच्या चार गोण्या घालूनच आला.

"ही माझी लेक, मेर्वी," पहिल्या गोणीवर थाप मारत तो म्हणाला. "चौसष्ट किलो. हा जावई, अठ्ठ्याण्णव. आणि या दोघी नाती."

"जावयाला वजन विचारलंस?"

"फोनवर. तेव्हापासून बोलत नाही माझ्याशी."

"आधी तरी कुठे बोलायचा?"

उर्पो हसला. बायको गेल्यापासून तो बेटावरच्या घरात एकटाच असतो. तीन वर्षांपूर्वी युहान्नुसच्या, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या, सणाला लेक सगळ्यांना घेऊन आली होती. उर्पोच्या बोटीला तेव्हा तेराचा पंखा होता, म्हणजे एका फेऱ्यात बोटीला तेरा इंच पुढे ढकलू पाहणारा. एकट्या माणसाला उत्तम. पण पाच माणसं बसल्यावर बोटीनं जे नाक वर केलं ते खाली आणलंच नाही. नऊ किलोमीटरला तास लागला आणि सगळे चिंब भिजले. "पोहत आलो असतो तर लवकर पोचलो असतो," असं जावई सगळ्यांदेखत म्हणाला. त्यानंतर दर वर्षी मेर्वीचं एकच उत्तर: "बोट नीट झाली की बघू, बाबा."

आकडा जितका लहान तितकं ओझं सोपं, म्हणून आम्ही अकराचा पंखा लावून पाहिला. बोट उचलली, पण रडतखडत. मग दहाचा काढला. तो लावता लावता मी नातींच्या गोण्या हलवून बघितल्या.

"या फारच हलक्या आहेत. कधीचं वजन हे?"

"आल्या होत्या तेव्हाचं."

"अरे, तीन वर्षं झाली! पोरी काय तेवढ्याच राहतात?"

उर्पो किनाऱ्यावर गेला, फावडं घेतलं आणि गोणीचं तोंड सोडून उभा राहिला. "किती घालू, हिल्क्का?" त्यानं विचारलं. मला काय ठाऊक? त्याच्याच नाती, आणि त्यालाही ठाऊक नव्हतं. शेवटी आम्ही दोघांनी अंदाजानं एकेक नात भरली. मला तेव्हा त्याच्या लेकीचा इतका राग आला की फावडं त्याच्या हातातून ओढून घेऊन मीच वाळू टाकायला लागले.

दहाच्या पंख्यानं मात्र काम केलं. पूर्ण वेग दिला तशी बोट चार सेकंदांत सपाट झाली आणि इंजिनच्या फेऱ्यांचा आकडा हवा तिथे येऊन थांबला. उर्पोनं टोपी काढून हवेत फिरवली. "आता येतील!" तो ओरडला.

नाचायचंच नसेल त्याला अंगण कायमच वाकडं, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. बोलायला हवं होतं.

युहान्नुसच्या आदल्या दिवशी तो सकाळीच धक्क्यावर हजर. बोटीला भूर्जाच्या डहाळ्या बांधलेल्या, नवे बटाटे, सॉसेज, नातींसाठी दोन लहान लाइफ जॅकेटं. गोण्या त्यानं उतरवून ओळीनं धक्क्याच्या फळ्यांवर ठेवल्या होत्या. दुपारी लेकीचा फोन आला. तो नुसता "हो, हो, बरोबर आहे" म्हणत होता.

"जावयाच्या मित्रांकडे चाललेत," फोन ठेवून तो म्हणाला. "तिथे गाडी दारापर्यंत जाते."

"बोटीचं सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाली, छान झालं बाबा, आता तुम्ही लवकर घरी पोचाल."

मी पाना घेऊन आले. "तेराचा परत लावून देते. दहा मिनिटांचं काम."

"नको."

"एकटा असताना या पंख्यानं इंजिन भलतंच जोरात फिरेल, उर्पो."

"म्हणून तर," तो म्हणाला आणि पहिली गोणी उचलायला वाकला.

वेग थोडा कमी ठेवला की झालं, हे मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. मी पाना खाली ठेवला आणि जावयाला दुसऱ्या टोकानं धरलं, कारण तो त्याला एकट्याला उचलला नसता. नातींना त्यानं पुढे बसवलं, लाइफ जॅकेटं घातली, बंद लावले.

बोट निघाली. चार सेकंदांत सपाट झाली, नाक खाली, पाणी कुणाच्याच अंगावर नाही. तीस वर्षांत इतका अचूक पंखा मी कोणाला बसवून दिला नव्हता.