वोज्याची टोपली

श्रावण सरत आला की पार्से गावात शेवंतीमावशीच्या घरापुढच्या खळ्यातून चिरल्या बांबूचा ओला, हिरवा गंध दरवळे आणि त्यामागोमाग कोयत्याचा संथ, कुरकुरता नाद. प्रत्येक पाती कानाशी वाकवून ती ऐकत राही; न करकरता वाकली तरच ती टोपलीच्या लायकीची. बोलणे मोजकेच, पण तिचा नापसंतीचा 'च्यक्' अख्ख्या वाडीला ऐकू जाई.

गोवा राज्य झाले त्या वर्षीच्या पावसाळ्यात ती निसरड्या पायरीवरून पडली आणि तिचा उजवा हात कायमचा लुळा झाला. गणपतीची चवथ तोंडावर आली होती. माझ्या बहिणीची लग्नानंतरची ती पहिली चवथ. नारळ, फळे, करंज्यांसारख्या नेवऱ्या अशा भेटीचे वोजे माहेराहून डिचोलीला तिच्या सासरी जायचे, तेही मावशीच्याच टोपल्यांतून. म्हापशाच्या बाजारात प्लास्टिकच्या टोपल्यांचे रंगीत ढीग लागले होते. टोपली काय, कुठूनही आणता आली असती. पण हा हात पुन्हा कुठून आणणार, या विचाराने माझा जीव कासावीस होई.

तिची लेक सुलभा तुयेच्या कारखान्यात कामाला जाई. बोटे चिरणारी ही विद्या आपल्यापाशीच संपावी, असे मावशीने ठरवूनच टाकले होते. लेकीला तिने कधी पातीला हात लावू दिला नाही. एका रविवारी सुलभा कोणाला न विचारता खळ्यात बसली. संध्याकाळपर्यंत टोपली विणली, काठही बांधला, आणि बांधला तो नेमका उलटा! बांबूची चिवट साल आत, ठिसूळ पोट बाहेर. नारळांच्या भाराने तो वाटेतच तुटला असता.

मावशी बघत राहिली आणि पडल्यापासून पहिल्यांदाच खदखदून हसली.

"साल भायर गो बाये, पोट भितर! सोडय तें. हाड हांगा."

ते 'हाड हांगा', म्हणजे 'आण इकडे', ऐकले आणि माझा जीव भांड्यात पडला. मावशीने शिकवून सुलभाकडून विणून घेतलेल्या टोपल्यांतून वोजे डिचोलीला सुखरूप पोचले.

मावशीला जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. सुलभाचे घर या कामावर चालते. गावातल्या लेकीसुना तिच्याकडे शिकायला येतात. काठ आवळताना त्या साऱ्याजणी डाव्या हाताने ओढतात. हीच पूर्वापार रीत, असे त्यांना वाटते आणि मी ते खोडून काढत नाही. काळ माणसाला घेऊन जातो; शिकवताना त्याचा जो हात चालत होता, तो मात्र इथेच राहतो.