तीर्थामागची गोळी

या, सरका अशा जवळ. बुवा अजून फेटा बांधतायत, पेटीवाला यायचाय. तोवर एका नेमाची गोष्ट ऐका. ऐकून जड वाटणार नाही, एवढा शब्द देतो.

घाटनांदूरच्या अलीकडं एका वस्तीवर शिवकांता नांदत होती. ते साल टँकरचं. नवरा मन्मथप्पा बैलं घेऊन चारा छावणीत राहायला गेलेला. घरी सासू शिवम्मा आणि दारात एक म्हैस. सहकारी संस्थेला दूध घातलं तरच पेंड मिळायची, म्हणून म्हशीला फार जपत.

शिवकीर्तन म्हटलं की शिवकांता सगळ्यांच्या पुढं बसणारी. पण त्या वर्षी टाळ वाजत असताना तिचे डोळे मिटू लागले. चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला, विंचरताना केस हातात येऊ लागले. वरून ऊन आग ओकत होतं आणि हिला थंडी वाजत होती.

"चैतात शाल पांघरती!" शिवम्मा म्हणायची. "नंदीबैलावर बी एवढी झूल नसती, बये."

शिवकांता शाल आणखी घट्ट ओढून घ्यायची. पूजेला गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेतल्यावरसुद्धा डुलकी लागते म्हणजे देवानंच आपल्याकडं पाठ फिरवली, असं तिनं मनाशी धरलं होतं.

शेवटी मन्मथप्पानं छावणीतून येऊन तिला अंबाजोगाईला नेलं. रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "थायरॉईड आहे. गळ्यातली एक ग्रंथी सुस्तावलीय. आळशी ती आहे, तुम्ही नाही."

हे ऐकून शिवकांताला रडूच फुटलं. इतक्या दिवसांत तिची बाजू कुणी घेतली नव्हती.

बाईंनी गोळी लिहून दिली. सकाळी उठल्यावर, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा बऱ्याच वेळानं. रोज, न चुकता.

घोडं अडलं ते इथंच. लहानपणी दीक्षा झाली तेव्हापासून तिचा नेम होता. लिंगपूजा करून तीर्थ घेतल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही. आणि पूजा व्हायची कधी? भल्या पहाटे टँकरपुढं घागरी लावायच्या, धार काढायची, संस्थेची गाडी निघायच्या आत दूध घालायचं. घरी येईतो ऊन चढलेलं, पोटात आग पडलेली. ती कशीबशी पूजा उरकायची आणि चहाच्या घोटाबरोबर गोळी गिळायची. डॉक्टरला हे सांगायची तिला लाज वाटे.

पुढच्या खेपेला शिवम्मा सोबत गेली. तपासणीचा आकडा जवळपास होता तिथंच.

"गोळी घेता ना रोज?"

"घेते की."

"उपाशीपोटी?"

"व्हय," शिवकांता खाली बघत म्हणाली.

"खोटं बोलू नगं," शिवम्मा म्हणाली. "डाक्टरीणबाई, चहासंगं घेती ही. म्या बघितलंय."

"मग ती अंगी कशी लागणार?"

"आत्याबाई, तुमीच सांगा," शिवकांताचा बांध फुटला. "पूजेआधी कसं खाऊ? नेम मोडू? आधीच देव माझ्याकडं बघंना झालाय!"

एसटीतून घरी येईपर्यंत शिवम्मा बोटांवर पहाटेची कामं मोजत राहिली.

दुसऱ्या दिवशी शिवकांता उठली तर घागरी टँकरपाशी गेलेल्या, धार काढून झालेली. शिवम्मा पदर खोचून दुधाची किटली उचलत होती.

"आत्याबाई, मी जाते!"

"तू पूजेला बस. देवाचं तीर्थ आधी, मागनं डाक्टरची गोळी. तीर्थ बी पाणीच हाय की. अन् चहाला लगेच हात लावू नगंस."

"पण तुमची पूजा?"

"माझा शंकर थांबतोय वाईच. तो काय एसटी हाय व्हय, निघून जायला?"

म्हातारीचाही नेम तोच होता. रोज पहाटे निवांत पूजा करून चहा पिणारी ती, त्या दिवसापासून कोरड्या तोंडानं दूध घालायला जाऊ लागली. संस्थेतला बिभीषण म्हणाला, "आजी, घोटभर चहा घ्या. सून कुठंय? झोपली काय?"

"पूजेला बसलीय. अन् झोपली असती तरी तुझं काय जात होतं रं? दूध माप गुमान."

महिने गेले. आकडा हळूहळू उतरला, चेहऱ्याची सूज ओसरली. गोळी मात्र जन्माची सोबतीण आहे, असं बाईंनी बजावलं. शिवकांता रोज लिंगपूजा करून तीर्थ घेई, त्यामागं गोळी घेई आणि उंबऱ्यात बसून सासूची वाट पाही. गोळी घेऊन कितीही वेळ झालेला असो, शिवम्माची पूजा झाल्याशिवाय ती चुलीवर आधण ठेवत नसे.

तेव्हा मंडळी, उद्या सकाळी चहाचा पहिला घोट घ्याल तेव्हा क्षणभर थांबा आणि उन्हात कोरड्या तोंडानं किटली घेऊन चाललेल्या शिवम्माची आठवण ठेवा.