तांदळाची भाकर

पार्वताबाईनं सुनेच्या पर्सची चेन उघडली आणि आत नाक घालून हुंगलं. बिस्किटाचा वास येतो का, ते तिला पाहायचं होतं. आला तो बामाचा. तळाशी एका पुडीत मुरमुरे होते. तिनं दोन चावून पाहिले. काही सापडलं नाही, म्हणून तिचा संशय उलट वाढलाच.

"माय, काय करून राहिली तू?" दारात तिचा मुलगा सुगत उभा होता.

"काही नाही. कंगवा पाहून राहिली होती."

दामिनीला गहू चालत नाही, हे भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितल्याला वर्ष होत आलं होतं. सिलिॲक असं त्या दुखण्याचं नाव. पार्वताबाईला आधी त्याचं काहीच वाटलं नव्हतं. त्यांचं गाव एकोडी म्हणजे सगळा धानाचा मुलूख. भात खावा, तांदळाची भाकर खावी, गव्हावाचून कोणाचं अडतं? तरी सुनेचं पोट दुखायचं थांबेना, गुडघे तर धरलेलेच. पोरगी चोरून खाते, याबद्दल सासूच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

मग सुगतनं मोबाइलवर वाचलं, की गोचीड चावून होणारा लाइम नावाचा आजार आणि सिलिॲक यांचं काही नातं असू शकतं. उन्हाळ्यात दामिनीच्या पोटरीला गोचीड चिकटली होती, ते सगळ्यांना आठवलं. गोचीड बकऱ्यांवरूनच आली असणार म्हणून पार्वताबाईनं आठवड्याच्या आत दामिनीच्या दोन्ही बकऱ्या साकोलीच्या बाजारात धाडल्या. माहेराहून आणलेल्या बकऱ्या होत्या त्या. दामिनी रिकाम्या खुंट्यांपाशी बसून रडली. पोट मात्र दुखतच राहिलं.

आज तिघंही डॉक्टरांसमोर बसले होते.

"लाइमचं काही निघालं नाही," डॉक्टर रिपोर्ट पाहत म्हणाले. "आपल्याकडे तो क्वचितच सापडतो. आणि या दोन आजारांचं नातं अजून सिद्ध झालेलं नाही. पण पोटात गहू जातोय, हे रक्तात दिसतंय."

सुगतनं बायकोकडे पाहिलं.

"मी खात नाही," दामिनी म्हणाली.

"मंग हवेतून येते काय गहू?" पार्वताबाईला राहवेना. "डॉक्टरसाहेब, हिले आम्ही माहेरीच ठेवतो. तिथं खाऊ दे, काय चोरून खायचं ते."

"चोरून खायची गरज नाही, आजी. रोज चिमूटभर पीठ गेलं तरी पुरे होतं. भाकरी कोण करतं?"

"मीच करतो ना. तांदळाची."

ती ठसक्यात म्हणाली. परतीच्या बसमध्ये ती मागच्या सीटवर बसली.

"रविवारी तुले माहेरी सोडून देतो," पुढच्या सीटवर सुगत दामिनीला सांगत होता. "चार महिने राहा तिकडंच."



संध्याकाळी पार्वताबाईनं उकड काढली, परातीत घेतली, आणि सवयीनं तिचा हात शेजारच्या डब्यात गेला. नुसत्या तांदळाची भाकर तिच्या हातून तव्यावर टाकताना तुटायची. आजारी सुनेच्या ताटात तुटकी भाकर वाढायची तिला लाज वाटे. म्हणून पीठ जुळून यावं यासाठी ती मूठभर कणीक मिसळायची. तिच्या लेखी तो गहू नव्हताच. गहू म्हणजे पोळी. हात डब्यातच थबकला.  तिनं हात काढून धुतला, पुन्हा धुतला.

भाकर तीन तुकडे होऊन ताटात पडली.

"आज काहून तुटली?" सुगतनं विचारलं.

पार्वताबाई चुलीकडे तोंड करून बसली. पीठ जुनं आहे म्हणावं, असं तिला सुचलंही होतं.

दामिनी तुकड्यांकडे पाहत होती.

"आई," ती हळूच म्हणाली, "रोज कशी नाही तुटत?"

पार्वताबाईनं कणकेचा डबा ओढला आणि सुनेच्या ताटासमोर ठेवला.

"एक मूठ," ती म्हणाली.  "रोज. तुले तुटकी वाढावी वाटे ना, बाई."

सुगतचा घास हातातच राहिला.  दामिनीनं भाकरीचा तुकडा उचलला, नाकाशी नेऊन हुंगला आणि परत ताटात ठेवला.

"भात मी मांडते," ती म्हणाली आणि पातेलं घासायला उठली.