तिसरं मत

१९२८ साली आमच्या बीकन रिज गावात एकशे सात मतदार होते. त्यांत कॅथलिक दोनच: लोहार व्हात्स्लाव ह्रुश्का आणि त्याची बायको. बाकी आम्ही सगळे बाप्टिस्ट, पोपला न मानणारे. कॅन्ससच्या त्या कोपऱ्यात दोन्ही पक्षांची माणसं होती, पण त्या वर्षी एका पक्षाने अध्यक्षपदासाठी कॅथलिक उमेदवार उभा केला आणि पक्षबिक्ष सगळं बाजूला राहिलं. हा निवडून आला तर देशाचा कारभार रोमहून, पोपच्या हुकमाने चालेल, असं पास्टर ग्रिम्सली सप्टेंबरपासून दर रविवारी सांगत होते.

मतमोजणी शाळेत झाली. मी चर्चच्या कारभाऱ्यांपैकी, म्हणून मोजायलाही होतो. कॅथलिक उमेदवाराला तीन मतं निघाली.

"दोन ह्रुश्कांची," पास्टर म्हणाले. "तिसरं कोणाचं?"

तिसरं माझं होतं. ह्रुश्काकडून सहा वर्षं मी नांगराचे फाळ करून घेत होतो, त्याच्या घरी जेवत होतो. फुली मारताना त्याच्याविरुद्ध हात धजला नाही, एवढंच. मी खाली बघून कागद रचत राहिलो.

संशय गेला लविना स्ट्राउडवर. ती सुईण. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, सगळे तिला लविनामावशी म्हणत. ह्रुश्काच्या बायकोचं बाळंतपणही तिनेच केलं होतं. रविवारी प्रार्थनेनंतर पास्टरांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं.

"मावशी, बायबलवर हात ठेवून सांगा, मत कोणाला दिलंत?"

"नवरा होता तेव्हा त्यालाही सांगत नव्हते. तुम्हाला कशाला सांगू?"

"लपवण्यासारखं काही नसेल, तर सांगायला काय जातं?"

"तुमची बायको बाळंत होताना काय काय बडबडली, तेही मी कोणाला सांगितलं नाही. सांगू?"

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. पास्टर हसले नाहीत. तिचं नाव चर्चमधून काढायचं आणि तिला कोणी घरी बोलवायचं नाही, असं ठरलं. हात वर करून ठरलं. मीही हात वर केला.

फेब्रुवारीत माझ्या बायकोचे, अल्माचे, दिवस भरले. सकाळी कळा सुरू झाल्या. बाहेर गुडघाभर बर्फ, डॉक्टर अठरा मैलांवर. मावशी अर्ध्या मैलावर.

"मावशीला आण," अल्मा म्हणाली.

"त्या बाईचा हात माझ्या नातवंडाला लागायला नको," आमच्याकडेच राहणाऱ्या सासूबाई म्हणाल्या. "डॉक्टरला आण."

मी घोडे जुंपून डॉक्टरकडे निघालो. चौथ्या मैलावर गाडी रुतली. ती काढून परत यायला दुपारचे दोन वाजले. मग मावशीच्या दारात गेलो. ती पिशवी उचलून निघाली.

मुलगा होता. नाळेचा फास बसला होता. मावशीने पुष्कळ प्रयत्न केले, पण तो रडला नाही.

ती स्वयंपाकघरात हात धूत असताना मी हळूच म्हणालो, "मावशी, ते मत माझं होतं."

"माहीत आहे. हात वर करताना बाकी सगळे माझ्याकडे बघत होते. तू बघितलं नाहीस."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"ते सांगणं माझं काम होतं का, ऑर्व्हिल?"

पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर बोलायचं, असं ठरवून मी चर्चमध्ये गेलो. तिथे लोकांनी खांद्यावर हात ठेवून सांत्वन केलं. पास्टरांनी आमच्यासाठी प्रार्थना केली. मी दानाची थाळी फिरवली आणि घरी आलो.

मार्चमध्ये मावशी गाय विकून मिसूरीला बहिणीकडे निघून गेली. तिला पोचवायला स्टेशनवर फक्त ह्रुश्का गेला होता.

ते तिसरं मत माझं होतं, हे एप्रिलमध्ये मी अल्माला सांगितलं. ती कणीक मळत होती.

"मावशीला ठाऊक होतं?" तिने विचारलं.

"हो."

"आणि तरी ती आली."

अल्माने कणकेवर फडकं टाकलं, हात पुसले, आमच्या पलंगावरची आपली उशी उचलली आणि आईच्या खोलीत जाऊन आतून कडी लावली.