थोरल्या बाईंची वीत

थोरल्या बाईंना गप्प बसणं जन्मात जमलं नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी तिसरी शिकवली ती तोंडाच्या जोरावरच. आणि आता नवा अभ्यासक्रम म्हणतो, उत्तर सांगू नका, मुलांना शोधू द्या! त्यात मुख्याध्यापकांनी बजावलेलं, "तपासनीस साहेबांसमोर पाठ फसला, तर तिसरी दुसऱ्या कुणाला. तुम्ही ग्रंथालय सांभाळा."

ग्रंथालय म्हणजे जिन्याखालची दोन कपाटं. तिथे बोलायचं कुणाशी, वाळवीशी? बाईंची झोपच उडाली.

त्यांची सून त्याच शाळेत पहिलीला शिकवायची. पाठाच्या सकाळी तिने सासूच्या हातावर खोकल्याची गोळी ठेवली. "आई, बोलावंसं वाटलं की ही चघळा. उत्तर तेवढं सांगू नका."

"सासूचं तोंड बंद करायची हौस फिटली एकदाची तुझी," बाई म्हणाल्या. पण गोळी घेतली.

पाठ होता टेबल वितीने मोजण्याचा. कुणाच्या दहा विती भरल्या, कुणाच्या अकरा. "तू लबाड!" "तुलाच मोजता येत नाही!" वर्गाचा नुसता बाजार झाला. मागच्या बाकावर साहेब. उत्तर बाईंच्या अगदी ओठांवर आलं. त्यांनी गोळी कडाकडा चावली. गोळी संपली, भांडण काही संपेना.

शेवटी साहेबांनाच राहवलं नाही. ते उठले. "अरे मुलांनो, प्रत्येकाची वीत..."

"साहेब, खबरदार सांगाल तर!" बाई कडाडल्या.

भांडणारी पोरं साहेबांकडे बघू लागली. साहेब मटकन बसले. बाईंना जिन्याखालची कपाटं दिसू लागली. गेली तिसरी!

तेवढ्यात वर्गात कधी तोंड न उघडणारी एक चिमुरडी पुढे आली. तिने वर्गातल्या सगळ्यात आडदांड मुलाच्या तळव्याला आपला तळवा लावून पाहिला, मग बाईंच्या. "हातच लहानमोठे आहेत," ती हळूच म्हणाली. "सगळ्यांनी एकच वीत घेऊ या ना. बाईंची!"

बाईंचा पंजा कागदावर पसरला गेला, अंगठ्याशी आणि करंगळीशी पेन्सिलच्या खुणा झाल्या, तेवढ्याच पट्ट्या कापल्या. आता प्रत्येकाचं उत्तर आलं सात. पोरांनी शाळा डोक्यावर घेतली.

"तिसरी बाईंकडेच राहील," दाराशी आलेल्या मुख्याध्यापकांना साहेब म्हणाले. मग बाईंकडे वळले. "ते काय चावत होतात? पुढच्या वेळी मलाही द्या."

सून धापा टाकत आली. "आई, काय झालं?"

बाईंना किती सांगायचं होतं! त्यांनी अंगठ्याला आणि करंगळीला पेन्सिल लागलेला पंजा तिच्यापुढे धरला. गोळी केव्हाच संपली होती, तरी त्यांच्या तोंडून शब्द फुटेना.