वरुणरावांची सहावी आकृती

खळ वाळेपर्यंत वरुणरावांनी ती वस्तू दोन्ही तळव्यांत दाबून धरली होती. मग हळूच बोटं काढली. सांधा सुटला नाही.

"अगे, इकडे ये. हें मोज."

शेषम्मा आतून हात पुशीत आल्या. नवऱ्याच्या हातातली पुठ्ठ्याची वस्तू त्यांनी फिरवून पाहिली. "सहा त्रिकोण. सगळे सारखे."

"पांचच होतात म्हणून वासुकी सांगते. हें सहावं."

वरुणराव पुठ्ठ्याचे डबे करीत. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. पूर्वी लग्नाच्या मिठाईचे डबे तिथूनच जात. पुढे त्रिचीहून यंत्रावर कापलेले डबे येऊ लागले आणि त्यांच्याकडे फक्त आडमापाची कामं उरली. मान डोलावणाऱ्या बाहुल्यांचे डबे, एखाद्या तसबिरीची पेटी, एवढंच.

वासुकी लांबच्या नात्यातली, कॉलेजात गणित शिकवणारी. तिला कॉलेजातल्या प्रदर्शनासाठी पुठ्ठ्याच्या पाच सम घन आकृत्या हव्या होत्या; अशा पाचच होतात, असं ती म्हणाली. "मामा, सगळ्या बाजू एकसारख्या पाहिजेत, कडा एकसारख्या, आणि कोपरे..." ती सांगत होती. वरुणरावांनी तोवर पट्टी हातात घेतली होती. कोपऱ्यांचं बोलणं त्यांनी नीट ऐकलंच नाही.

पाच आकृत्या चार दिवसांत झाल्या. पण पाचच का, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. त्यांनी सारख्या कडांचे त्रिकोण कापले आणि एका टोकाभोवती मांडले. तीन जोडले, टोक उभं राहिलं. चार जोडले, थोडं बसकं, पण उभं. पाच जोडले, अजून बसकं. सहा मांडले तर ते टेबलावर सपाट पडले, वळवायला फटच उरली नाही. चौरस तीन चालले, चौथा घालताच फरशी झाली. पंचकोन तीनच मावले. षटकोन तिसऱ्यालाच सपाट. आठवीत शाळा सुटलेल्या माणसाला हे कोणी सांगितलं नव्हतं. ते स्वतःशीच हसले.

आणि मग त्यांना ही सहावी सुचली. चार त्रिकोणांचे दोन मनोरे करायचे, दोहोंचा तळ काढून टाकायचा आणि उघडी तोंडं एकमेकांवर चिकटवायची.

शेषम्मांनी भावाला फोन केला. कृष्णाजी बँकेतून मॅनेजर होऊन निवृत्त झालेले. घरी आले की "काय डबेवाले?" अशीच सुरुवात करायचे. कॉलेजच्या पुस्तकात नाही ते आमच्या यांनी केलंय, असं शेषम्मांनी त्यांना तीनदा सांगितलं.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी वरुणराव सहावी आकृती कापडी पिशवीत घालून एकटेच आधी पोचले. पाच आकृत्या टेबलावर मांडल्या होत्या. मागे तमिळमध्ये मोठा फलक होता. वासुकी यायची होती, म्हणून ते उभ्या उभ्या वाचत राहिले. सगळ्या बाजू सारख्या. सगळ्या कडा सारख्या. प्रत्येक कोपऱ्यात मिळणाऱ्या बाजूंची संख्याही सारखीच.

शेवटची ओळ त्यांनी पुन्हा वाचली आणि पिशवीत हात घातला. वरच्या टोकाला तीन त्रिकोण. बोटं खाली सरकली. कमरेच्या कोपऱ्यात चार. त्यांनी दुसरा कोपरा चाचपला. तिथेही चार.

घरी परत जावं असं त्यांना वाटलं. बस फाटकाबाहेरच मिळाली असती. पण तेवढ्यात वासुकी आली, आणि तिच्या मागोमाग शेषम्मा, कृष्णाजी आणि कृष्णाजींच्या घरची चार माणसं.

"दाखवा की," शेषम्मा म्हणाल्या. "तें सहावं."

वरुणरावांनी आकृती काढून टेबलावर ठेवली. वासुकीची नजर टोकावर गेली, मग कमरेच्या कोपऱ्यावर. तिला कळलंय हे त्यांना दिसलं.

"कृष्णाजी, बोट द्या," ते म्हणाले. त्यांनी मेहुण्याचं बोट धरून टोकावर ठेवलं. "किती मिळतात इथं?"

"तीन."

"आतां इथं?"

"चार."

"म्हणून हें सहावं नव्हे. मी चुकलों."

शेषम्मा खाली पाहू लागल्या. कृष्णाजींच्या सुनेने हसू दाबायला ओठांवर हात धरला.

"मग आम्हांस कशाला बोलावलांत?" कृष्णाजी म्हणाले.

"तेव्हां मला हें ठाऊक नव्हतं. आतांच कळलं, ह्या फलकावर."

कृष्णाजी काहीतरी बोलणार होते. पण त्यांचं बोट अजून पुठ्ठ्यावरच होतं. त्यांनी बारा पंचकोनांची आकृती उचलली आणि एक कोपरा चाचपला. तीन. पुढचा, तीन. सून "चला मामंजी" म्हणाली तरी थांबले नाहीत, वीसच्या वीस कोपऱ्यांवरून बोट फिरवलं. मग आकृती जपून खाली ठेवली.

"बरोबर आहे," ते वरुणरावांकडे पाहून म्हणाले.

"मामा, हें इथंच असूं द्या," वासुकी म्हणाली. "सहावं कां होत नाहीं, हें पोरी दर वर्षी विचारतात. मी फळ्यावर सांगते, त्यांस कळत नाहीं."

वरुणराव थांबले. शाळांच्या मुली रांगेने आल्या. प्रत्येकीला ते म्हणत, "आधी टोक मोज, मग कंबर." दुपारपर्यंत त्यांचा घसा बसला. जेवायलासुद्धा ते टेबल सोडून गेले नाहीत. शेषम्मांनी दहीभाताचा डबा तिथेच आणून दिला.

संध्याकाळी वासुकी पांढरी कार्डं आणि पेन घेऊन आली. हे सगळं आता वर्षभर कॉलेजच्या कपाटात राहणार होतं.

"सगळ्यांखाली तुमचंच नांव लिहितें, मामा."

वरुणरावांनी जरा विचार केला. "तीं पांच तूं सांगितलीस, मी कापलीं. त्यांच्याखाली कॉलेजचं नांव असूं दे. माझं ह्या एकाच्याच खाली लिही."

"पण हें तर..."

"'हें सम नव्हे' असंच लिही. आणि खाली माझं नांव."

तिने तसंच लिहिलं. शेषम्मा चष्मा घालून वाकल्या आणि एकेक तमिळ अक्षर लावत वाचू लागल्या: ही सम आकृती नाही. बनवणारे: वरुणराव, डबे करणारे. वाचून झाल्यावर त्यांनी कार्ड थोडं डावीकडे सरकवलं, नीट मध्यावर आणलं, आणि बस चुकेल म्हणून नवऱ्याला चला म्हणाल्या.